हिवरढाण्याले गाडी जाते का?

आमच्या बस स्टँडवर सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न कुठल्याच गाडीबद्दलचा नव्हता. "हे चौकशीचीच खिडकी होय का?" हा तो प्रश्न. ही माहिती मला भाऊंनी दिली, आणि भाऊंकडे तिचा लेखी पुरावा होता.

भाऊ म्हणजे चौकशीच्या खिडकीवरचे बाबू. सगळं स्टँड त्यांना भाऊच म्हणायचं. मी त्यांच्या शेजारी, प्लायवूडच्या पार्टिशनच्या अलीकडे, माईकवर बसायची. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कितीला सुटणार, हे दिवसभर सांगत राहणं माझं काम. सत्तरच्या दशकातली गोष्ट. नोकरीत बाई म्हणून मी एकटीच. माझा आवाज अर्ध्या नागपूरच्या ओळखीचा होता आणि तोंड कोणी पाहिलेलं नव्हतं. बुधवार बाजारात मी वांग्यांचा भाव विचारला, की एखादा माणूस हमखास पिशवी उचलून इकडेतिकडे गाडी शोधायला लागायचा.

भाऊंची वही हापिसाची नव्हती, त्यांची स्वतःची होती. लांबट, कापडी पुठ्ठ्याची. समासात वेळ, आणि आत तीन रकाने: 'विचारलं काय', 'सांगितलं काय' आणि 'गेला कुठं'. या तिसऱ्या रकान्यानं पुढे त्यांची नोकरी अडचणीत आणली, पण त्यांचा सगळा जीव त्यातच होता.

"बाई, माणूस खिडकीवर येऊन जे बोलते ना, ते अर्धंच राहते," ते मला सांगायचे. "त्याले खरं काय पाहिजे, ते तो पाठ फिरवून चालाले लागला का समजते."

प्रश्न कागदावर उतरल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही, हा त्यांचा नियम. घामाघूम झालेला एखादा माणूस हातात ट्रंक घेऊन धावत यायचा. "उमरेडची गाडी गेली का जी?"

"थांबा. लिहून राहिलो."

"अहो, पण गेली का?"

"हा दुसरा प्रश्न झाला. एकेक घेऊ." मग पेन्सिल थांबायची, भाऊ मान वर करून फलाटाकडे बघायचे आणि शांतपणे म्हणायचे, "आता गेली."

पहिल्या नंबरच्या प्रश्नानं त्यांना फार दिवस छळलं. खिडकीवर एवढ्या मोठ्या अक्षरांत 'चौकशी' लिहिलेलं असताना लोक असं काहून विचारतात? शेवटी त्यांनी पेंटरकडून एक पाटी रंगवून घेतली: 'होय, ही चौकशीचीच खिडकी आहे.' पाटी लागली आणि तो प्रश्न खरंच बंद झाला. भाऊ दोन दिवस फार खुशीत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी वही पार्टिशनवरून माझ्याकडे सरकवली. आता पहिल्या नंबरवर नवीनच प्रश्न आला होता: "असं काहून लिहून ठेवलं जी?"

त्यांनी पाटी उतरवली नाही. "सुधारणा आहे," म्हणाले. "पहिले लोकायले खिडकीवर शंका होती. आता माह्यावर आहे."

तिसऱ्या रकान्यासाठी त्यांनी खिडकीबाहेर ट्रकचा आरसा बसवून घेतला. खिडकी म्हणजे जाळी, आणि जाळीला खाली अर्धगोल भोक. त्यातून आत येणारा हात आणि फार तर हनुवटी दिसायची. पण माणूस निघाला की आरशात त्याची पाठ अख्खी दिसे. भाऊ लोकांना पाठीवरून ओळखायला लागले. एकदा कंट्रोलर साहेब समोरून आले तर भाऊंनी त्यांना ओळख दिली नाही. ते चिडून वळले, तसे भाऊ आरशात बघून उठून उभे राहिले. "अरे बाप्पा, साहेब होय का!"

एका दुपारी एक शेतकरी आला. संत्र्याचे दलाल गाठून गावाकडे परत निघाला असावा. "काटोलची गाडी कितीला?" भाऊंनी वेळ सांगितली, फलाट सांगितला. माणूस निघाला आणि फलाटाच्या बरोबर उलट दिशेनं गेला. आरशाच्या बाहेर गेला. भाऊ खिडकीतून वाकले, मग खुर्चीवर चढून वाकले, आणि मग मला म्हणाले, "बाई, जरा खिडकीकडे लक्ष ठेवा. मी हा रकाना भरून येतो."

ते परत आले संध्याकाळी. हातात संत्र्यांची पिशवी होती.

झालं होतं ते असं. तो माणूस गेटाबाहेर पडला, चौकापर्यंत गेला आणि तिथं उभा राहिला. भाऊ त्याच्या मागं उभे राहिले. काटोलची गाडी स्टँडमधून भरून निघाली, चौकात हळू झाली, माणूस चढला. भाऊही चढले. वाटेत माणसानं चारदा मागं वळून बघितलं. काटोलला उतरल्यावर तो घराकडे न जाता मंडईत शिरला, तिथून देवळात, देवळातून परत मंडईत. शेवटी हात जोडून म्हणाला, "साहेब, माह्याकडे काहीच नाही. तलाठ्याले विचारा." भाऊंनी त्याला फक्त एवढंच विचारलं, की बाबा रे, तू फलाटावर काहून नाही आला? तो म्हणाला, "माहा साडभाऊ डायवर आहे जी त्या गाडीवर. चौकात चढलं का केबिनमधी बसाले भेटते." एवढं बोलून त्यानं संत्री यांच्या हातात कोंबली आणि पळाला.

भाऊंनी तिसऱ्या रकान्यात लिहिलं: 'साडभाऊकडे.'

इकडे खिडकी अर्धा दिवस बंद राहिलेली. मी माईक आणि खिडकी दोन्ही सांभाळायचा प्रयत्न केला, तेव्हा कोणाच्या तरी खाजगी प्रश्नाचं उत्तर माईकवरून साऱ्या स्टँडला ऐकू गेलं. तक्रार झाली. भाऊंची चौकशी लागली.

चौकशी करायला वरचे साहेब आले, मूळ पुण्याकडचे. खोलीत साहेब, भाऊ, आणि साक्षीदार म्हणून मी.

"आपण खिडकी सोडून का गेलात?" साहेबांनी विचारलं.

भाऊंनी खिशातून छोटी डायरी काढली आणि लिहायला लागले.

"काय लिहिताय?"

"प्रश्न, साहेब. झालाच."

"मी विचारतोय, खिडकी सोडून का गेलात?"

भाऊंनी आणखी एक खूण केली. "दोनदा झाला."

"अहो, का गेलात?"

"तीनदा," भाऊ म्हणाले, आणि मग फार कळकळीनं पुढं वाकले. "साहेब, तुमचा राग नाही मले. एकच प्रश्न माणूस तीनदा विचारते तवा गलती त्याची नसते. तुम्हाले जे पाहिजे ते सापडून नाही राहिलं. काय पाहिजे तुम्हाले?"

साहेबांनी पंख्याकडे बघितलं. मग वही मागवली. पानं उलटली. मला वाटलं, फाडतात की काय. पण ते वाचत बसले, मध्ये एकदा हसले, आणि शेवटी वही मिटून म्हणाले, "वर्षानुवर्षं लिहिताय. याचा एखादा तरी उपयोग दाखवा मला. नाही दाखवलात तर टायरच्या गोदामात पाठवीन. तिथं कोणी काही विचारत नाही."

भाऊंनी डायरी खिशात घातली. ओरडा, मेमो, पगार थांबणं, सगळं त्यांनी सोसलं असतं. कोणी काही विचारत नाही अशी जागा त्यांना सोसली नसती.

आठ दिवस ते वहीत डोकं खुपसून होते. मग एका सकाळी पार्टिशनवर टकटक झाली. "बाई, सापडलं. ज्याचं उत्तर 'आहे' असते, त्यात काही शिकासारखं नाही. 'नाही' पाहा." त्यांनी 'नाही' असं उत्तर दिलेले सगळे प्रश्न वेगळे काढले होते. त्यात एकच गाव पुन्हा पुन्हा येत होतं. हिवरढाणा. काटोलच्या पुढे, डोंगराच्या अंगाला कुठंतरी. हिवरढाण्याले गाडी जाते का? हिवरढाण्याची सडक झाली का? हिवरढाण्याले पावसाळ्यात तरी गाडी पाठवता का? जवळपास रोज, आणि महिनोन् महिने.

"इतक्या लोकायले जायाचं आहे," भाऊ म्हणाले, "आन् आपण नुसतं नाही म्हणून राहिलो."

मी तेव्हा काही बोलले नाही. ही चूक माझी. पार्टिशनच्या पलीकडून तो प्रश्न मीही ऐकत होते, दुपारी बाराच्या आसपास, आणि तो नेहमी एकाच आवाजात यायचा. भाऊंना हे ठाऊक असेलच, असं मी धरून चालले. पण भाऊ ऐकताना मान खाली घालून लिहीत असायचे, आणि बाराच्या गर्दीत आरशात नुसत्या पाठीच पाठी दिसायच्या. प्रश्न त्यांच्या वहीत होता, विचारणारं माणूस नव्हतं.

साहेबांनी भाऊंचा अर्ज वाचला आणि, आश्चर्य म्हणजे, महिनाभरासाठी, म्हणजे पाच मंगळवार, गाडी मंजूर केली. दर मंगळवारी सकाळी जायची, दुपारी परत यायची, आणि चारला आणखी एक फेरी. पहिल्या मंगळवारी गाडीला झेंडूची माळ घातली. साहेब स्वतः आले, नारळ फोडला. मी माईकवरून हिवरढाण्याचं नाव सहा वेळा घेतलं. भाऊ दाराशी उभे राहून येणाऱ्यांची वाट बघत होते.

एक माणूस चढला. कंडक्टरनं तिकीट विचारल्यावर त्यानं कामठी मागितली, चुकीच्या गाडीत चढल्याचं कळलं आणि तो उतरला.

गाडी रिकामी गेली, रिकामी आली. पुढच्या मंगळवारीही तसंच. साहेबांनी फोनवर फक्त एक शब्द विचारला, "टायर?" भाऊंनी तोसुद्धा लिहून ठेवला.

दुसऱ्या मंगळवारनंतरच्या गुरुवारी, बाराच्या सुमाराला, तो आवाज आला.

"हिवरढाण्याले गाडी जाते का जी?"

भाऊ लिहायचं विसरले. "जाते!" ते जवळजवळ ओरडलेच. "जाते ना माय! मंगळवारी जाते!"

पलीकडून आवाज आला, "कवापासून?"

"दोन मंगळवार झाले."

"तिकून येते का?"

"येते ना. दुपारी."

"कोणी उतरलं का त्याच्यातून?"

भाऊ खोटं सांगणाऱ्यातले नव्हते. "कोणीच नाही," ते म्हणाले.

"मंग बंद करा जी ते गाडी," म्हातारी म्हणाली.

आणि तेव्हा मी भाऊंना पहिल्यांदा खिडकीवर बसून प्रश्न विचारताना ऐकलं. "काहून वं माय?"

ती निघाली. मी माईक ठेवून बाहेर धावले आणि तिला बाकावर बसवलं. भाऊही आले, खिडकीच्या त्या बाजूला उभं राहायची त्यांना सवय नव्हती, हात कुठं ठेवावेत ते कळेना. म्हातारी महाल भागात राहायची, स्टँडपलीकडच्या दोन-तीन घरी पोळ्या करायची आणि दुपारी घरी जाताना स्टँडवरून जायची. तापानं पंधरा दिवस अंथरुणावर होती म्हणून आली नव्हती. हिवरढाण्याला तिची लेक राहायची. लेकीनं लग्न आपल्या मनानं केलं होतं, तेव्हा घरात बोलाचाली झाली, आणि ती गेली ती गेली. सहा वर्षं. दिवाळीला एक कार्ड यायचं. शेजारच्या पोरीकडून म्हातारी ते वाचून घ्यायची. त्यात दरवेळी असायचं, की गाडी नाही म्हणून येणं होत नाही.

"लोकं विचारत, पोरगी काहून येत नाही," म्हातारी म्हणाली. "मी सांगो, गाडी नाही बाप्पा. रोज इथं विचारून जाओ, तुम्ही नाही म्हणा, मंग मले बरं वाटे. आता गाडी आहे. दोनदा आली. आता काय सांगू मी?"

पदर तोंडाशी धरून ती उठली. भाऊंनी तिला गेटापर्यंत सोडलं. आत येऊन त्यांनी वही उघडली आणि तीच पानं पहिल्यापासून वाचली. संध्याकाळपर्यंत खिडकीवर येणाऱ्यांना ते लगेच, न लिहिता उत्तरं देत होते. लोक घाबरून गेले.

तिसऱ्या मंगळवारी त्यांनी रजा टाकली. वही काखेत घेतली आणि हिवरढाण्याच्या गाडीत एकटेच चढले. खिडकीवर त्या दिवशी बदली माणूस होता.

तिथं काय झालं ते त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, तेही तुकड्या-तुकड्यानं. गावाच्या पारावर उतरून त्यांनी घर विचारलं, तर गाव उलट त्यांनाच विचारायला लागलं. तुम्ही कोण? नात्यातले का? कोर्टाचे का? भाऊंना एकाचंही उत्तर देता येईना. शेवटी ते लेकीच्या दारात पोचले. ती गोठ्यातून शेणाचे हात घेऊन बाहेर आली.

"गाडी सुरू झाली, हे सांगाले आलो," भाऊ म्हणाले.

"पाहिली," ती म्हणाली. "दोन्ही वेळा पाहिली. हे तिसरी."

"मंग?"

"मंग काय जी? मायनं बोलावलं का मले? सहा वर्षांत एक डाव तरी कोणाले विचारलं का तिनं, का माही पोरगी जित्ती आहे का मेली?"

समजूत घालणं भाऊंना येतच नव्हतं. त्यांना फक्त वही येत होती. ते ओसरीवर बसले, त्यांनी वही उघडली आणि वाचायला लागले. "बारा वाजून पाच मिनिटं. हिवरढाण्याले गाडी जाते का? नाही. बाराले दहा कमी. हिवरढाण्याची सडक झाली का? नाही. बारा वाजता. बैलगाडी तरी कुठून भेटते? माहीत नाही. बारा वाजून वीस मिनिटं. लेकरू घेऊन बाई येते म्हटलं तर कुठून येईन? माहीत नाही. बारा वाजता. हिवरढाण्याले गाडी जाते का? नाही."

"किती वेळ वाचलं?" मी विचारलं.

"गाडी सुटासाठी हॉर्न द्याले लागली तोवर. कंडक्टर बलावाले आला, तर तोही ओसरीवर बसून ऐकून राहिला."

"मग ती काय म्हणाली?"

"काहीच नाही. पाठ फिरवून घरात गेली." भाऊंनी पेन्सिल कानावर खोचली. "आरसा नव्हता तठी. पाठीवरून काही समजलं नाही."

त्याच आठवड्यात बदलीचा हुकूम आला. टायरचं गोदाम, पुढच्या बुधवारपासून. भाऊंनी सही केली. साहेबांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी कबूल केलं, की 'प्रश्न पुष्कळ होते, पण विचारणारी एकच होती. हे माझ्या वहीत दिसायला पाहिजे होतं, दिसलं नाही.' पुढे ते गोदामातूनच निवृत्त झाले आणि मनीषनगरकडे नवी घरं होत होती, तिकडं राहायला गेले. तिथं त्यांनी कधी वही ठेवली नाही, असं त्यांच्या बायकोनं मला सांगितलं. साहेबांनी त्यांच्या पत्रावर शेरा काय मारला ते मला माहीत नाही, पण गाडीचा महिना त्यांनी मध्येच तोडला नाही. तेवढे त्यांचे उपकार.

म्हणून चौथा मंगळवार आला. तो भाऊंचा खिडकीवरचा शेवटचा दिवस. दुपारी गाडी आली. मी घोषणा केली आणि खिडकीतून पाहिलं. गाडीतून तिघं उतरली. एक बाई, कडेवर एक पोर, दुसरी पोरगी हाताशी, आणि डोक्यावर तुरीच्या डाळीचं गाठोडं. ती फलाटावर जरा थांबली, सगळीकडे बघितलं, आणि सरळ चौकशीच्या खिडकीकडे आली. भाऊंनी पेन्सिल हातात घेतली नाही.

तिनं त्यांना ओळखलं असावं, पण तसं दाखवलं नाही. आईचं घर विचारलं नाही. जाळीच्या भोकाशी तोंड नेऊन तिनं विचारलं, "वापस जायाची गाडी कितीले आहे?"

चारला होती. पाटीवर खडूनं लिहिलेली होती. तिला वाचता येत असतं तर तिथंच दिसली असती. कार्डंसुद्धा ती दुसऱ्याकडून लिहून घेत असणार, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"चारची आज बंद आहे," भाऊ म्हणाले. "आता एकदम पुढच्या मंगळवारी."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. मग दोन्ही पोरांकडे पाहिलं. "आठ दिवस?"

"हाव," भाऊ म्हणाले. "इलाज नाही."

तिनं गाठोडं सारखं केलं, पोरीचा हात धरला आणि गेटातून महालाच्या रस्त्याला लागली. भाऊ आरशात बघत होते. ती दिसेनाशी झाल्यावर ते माझ्याकडे वळले. पार्टिशनवरून फक्त त्यांचे डोळे दिसत होते.

चार वाजता हिवरढाण्याची गाडी फलाटावर लागली. ड्रायव्हरनं माझ्या खिडकीकडे हात केला. मी माईक ओढून घेतला, बटण दाबलं आणि रामटेकच्या गाडीची घोषणा केली. दोनदा केली.